तारामती : साळुंक्यांपासून दुर्गा खोट्यांपर्यंत

'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळक्यांना हरिश्चंद्र मिळाला, तारामती काही मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, नाचगाणं करणाऱ्या बायकांकडे जाऊन झालं. त्याही नको म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला स्वयंपाकी, अण्णा साळुंके, लुगडं नेसून उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षकांना त्यात वावगं वाटलं नाही; रंगभूमीवर बालगंधर्वांना पाहायची सवय होतीच. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंके रामही झाले आणि सीताही.

१९१३ सालीच 'मोहिनी भस्मासूर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. (पडद्यावरची पहिली बाईही दुर्गाच, हा योगायोग.) पण त्या नाटकमंडळीतल्या. 'चांगल्या घरातली' मुलगी सिनेमात जात नाही, हा समज पुढची बरीच वर्षं टिकला.

तो मोडला दुर्गा खोट्यांनी. १४ जानेवारी १९०५चा जन्म, वडील पांडुरंगराव लाड मुंबईतले नामवंत सॉलिसिटर, शिक्षण कॅथेड्रल आणि सेंट झेवियर्समध्ये. लग्न खोटे घराण्यात झालं. पुढे सासरची श्रीमंती ओसरली, पदरात दोन लहान मुलं होती आणि तरुणपणीच वैधव्यही आलं. सिनेमाकडे त्या वळल्या त्या हौसेपेक्षा गरजेपोटी. मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये (१९३१) छोटंसं काम केलं आणि लाडांची लेक असल्या चित्रपटात दिसली म्हणून बोलणी मात्र पोटभर खाल्ली.

नेमका तो बोलपटाच्या आगमनाचा काळ. मूकपटात चेहरा चालून जाई, आता भाषा लागणार होती, गळाही. पार्श्वगायन अजून यायचं होतं, ज्याचं गाणं त्यानंच गायचं. व्ही. शांतारामांनी दुर्गाबाईंना कोल्हापूरच्या 'प्रभात'मध्ये बोलावलं ते 'अयोध्येचा राजा'साठी. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे. १९३२ साली हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आला. कथा तीच, भूमिकाही तीच: तारामती. फाळक्यांना जिच्यासाठी स्वयंपाक्याला साडी नेसवावी लागली, ती तारामती १९ वर्षांनी झेवियर्समध्ये शिकलेली बाई स्वतःच्या आवाजात बोलत होती, गात होती.

पतिव्रतेच्या साच्यात मात्र त्या अडकल्या नाहीत, आणि मला त्याचंच जास्त कौतुक वाटतं. १९३६च्या 'अमरज्योती'त शांतारामांनी त्यांना समुद्रावरची बंडखोर सौदामिनी केलं. एकाच कंपनीच्या पगारावर राहायचं तेव्हा सर्रास चाले. दुर्गाबाई प्रभातनंतर कलकत्त्यालाही गेल्या, तिथे देवकी बोस यांच्या 'सीता'त काम केलं. १९३७ साली 'साथी' हा चित्रपट त्यांनी स्वतः काढला, दिग्दर्शितही केला. अत्र्यांच्या 'पायाची दासी'त (१९४१) त्या खाष्ट सासू झाल्या. नायिकेचं वय सरत असताना असं काम घ्यायला हिंमत लागते. पुढच्या पिढ्यांना त्या आठवतात 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई म्हणून, किंवा 'बॉबी'तली आजी म्हणून. 'बिदाई'साठी (१९७४) फिल्मफेअरही मिळालं.

१९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. तारामती शोधून थकलेल्या माणसाच्याच नावाचा. तोवर त्यांची निर्मितीसंस्था लघुपट आणि जाहिरातींत मुरलेली होती. १९८८ साली दूरदर्शनवर घरोघरी पोचलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका याच संस्थेची. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.