फ्रंटहॉल खुला झाला, पण रेडिओ कुठे कापायचा?

टॉवरवरचा रेडिओ एका कंपनीचा आणि खालचा बेसबँड (सिग्नलवर प्रक्रिया करणारं उपकरण) दुसरीचा, ही जोडी २००३ मध्येच जमायला हवी होती. त्या वर्षी उपकरण बनवणाऱ्या काही कंपन्यांनी मिळून फ्रंटहॉलसाठी, म्हणजे या दोघांमधल्या दुव्यासाठी, सीपीआरआय हा इंटरफेस ठरवला. पण नियंत्रण आणि देखभालीच्या संदेशांसाठी त्यात राखलेली जागा ज्याने त्याने आपल्या पद्धतीने भरली. फायबर तेच, फ्रेम तीच, तरी परका रेडिओ सुरूच होत नसे.

ही कोंडी फुटली ती बँडविड्थमुळे. २० मेगाहर्ट्झच्या ४जी कॅरिअरला सीपीआरआयवर दर अँटेनामागे १.२२८८ गिगाबिट प्रति सेकंद लागतात. आठ अँटेनांना ९.८३ गिगाबिट, म्हणजे १० गिगाबिटचा एसएफपी (फायबर जोडण्याचं मॉड्यूल) भरलाच. ५जीचे १०० मेगाहर्ट्झ आणि ६४ अँटेना धरल्या की हाच हिशेब २५० गिगाबिटच्या वर जातो. एका सेक्टरला एवढं फायबर कोणी देणार नव्हतं. फिजिकल लेअरचं (बिटांचं रेडिओ सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या सर्वांत खालच्या थराचं) काही काम रेडिओत नेणं भागच होतं. किती न्यायचं, यावर वाद झाला.

२०१७ मध्ये जागतिक पातळीवर बेस स्टेशनचं काम विभागण्याचे आठ पर्याय मांडले गेले. वरच्या लेअरमधला पर्याय २ स्वीकारला गेला आणि फिजिकल लेअर कुठे कापायचा हे अधांतरीच राहिलं. ही टाळाटाळ महाग पडली. त्याच वर्षी आलेला, इथरनेटवर चालणारा ईसीपीआरआयही कापाची जागा पक्की करत नव्हता. शेवटी ऑपरेटरांच्या पुढाकाराने ७.२एक्स हा काप ठरला: एफएफटी (सिग्नल फ्रिक्वेन्सींत वेगळा करणं), सायक्लिक प्रीफिक्स (सिम्बॉलांमधली सुरक्षित पट्टी) आणि बीमफॉर्मिंग (अनेक अँटेनांनी सिग्नल एका दिशेला वळवणं) रेडिओत, चॅनेल एस्टिमेशन (वाटेत सिग्नल किती बदलला याचा अंदाज), इक्वलायझेशन (तो बदल दुरुस्त करणं) आणि डिकोडिंग खाली डीयूमध्ये, म्हणजे बेसबँडमध्ये.

फायदा खरोखर मोठा होता. १०० मेगाहर्ट्झमध्ये २७३ रिसोर्स ब्लॉक (फ्रिक्वेन्सीचे तुकडे) असतात. नऊ बिटांच्या ब्लॉक फ्लोटिंग पॉइंट कॉम्प्रेशनने एक ब्लॉक दर सिम्बॉलला (प्रसारणाच्या एका छोट्या कालखंडाला) २८ बाइटांत बसतो, म्हणजे एका लेअरला (एका डेटा प्रवाहाला) सुमारे १.७ गिगाबिट. आठ लेअर २५ गिगाबिटच्या एका लिंकवर आरामात जातात.

किंमत अपलिंकने, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या सिग्नलने, मोजली. ६४ अँटेनांचे सिग्नल रेडिओतच मोजक्या स्ट्रीममध्ये गोळा होतात, पण त्यासाठीचे वेट्स (कोणत्या अँटेनाचा सिग्नल कसा मिसळायचा ते आकडे) डीयू फोनच्या आधीच्या साउंडिंग (चाचणी) सिग्नलवरून काढून पाठवतो. ते पोचेपर्यंत काही मिलिसेकंद गेलेले असतात आणि गाडीतला फोन पुढे सरकलेला असतो. डेटासोबत येणाऱ्या डीएमआरएस या संदर्भ-सिग्नलवरून ताजा अंदाज डीयूला मिळतो खरा, पण तोवर ६४ अँटेनांची माहिती गाळून गेलेली असते. म्हणून दोन-चार अँटेनांच्या रेडिओंवर ७.२एक्स चटकन रुळला आणि मॅसिव्ह मायमोवर (६४ अँटेनांसारख्या मोठ्या रेडिओंवर) अडला. रेडिओ साधा आणि स्वस्त ठेवण्याचा आग्रह इथे अंगलट आला. डीएमआरएसवरून वेट्स रेडिओतच काढण्याची सोय २०२३ मध्ये आली.

साइटवरचे घोटाळे वेगळेच. वरच्या हिशेबाने एका सिम्बॉलचा डेटा ७६४४ बाइट होतो. मधल्या स्विचवर एमटीयू (फ्रेमचा कमाल आकार) १५०० बाइट राहिला तर मोठ्या फ्रेम गुपचूप गळतात. पीटीपी (घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) लॉक होतं, कंट्रोल-प्लेनची छोटी पॅकेट्स पोचतात, सेल चालू दिसतो आणि थ्रूपुट मात्र शून्याजवळ. दुसरा घोटाळा ईएएक्ससी आयडीचा (पॅकेट कोणत्या अँटेना-प्रवाहाचं ते सांगणाऱ्या क्रमांकाचा): त्याचे १६ बिट पोर्ट, सेक्टर, कॅरिअर यांत कसे वाटायचे हे दोन्ही टोकांना सारखं नसेल, तर रेडिओ आपलीच पॅकेट्स परकी समजून टाकून देतो. फायबरची लांबी बदलून डीले विंडो (पॅकेट पोचण्याची ठरलेली वेळमर्यादा) तशीच ठेवली तर उशिरा आलेली पॅकेट्सही जातात. दर किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद धरावेत.

प्रसार झाला तो २०२० नंतर. त्या वर्षी जपानमध्ये एका नव्या ऑपरेटरने अख्खं नेटवर्क खुलेपणाच्या याच विचाराने सुरू केलं, आणि ब्रिटनने एका चिनी पुरवठादाराची ५जी उपकरणं २०२७ अखेरपर्यंत काढायला सांगितली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या ऑपरेटरने २०२६ अखेरीस ७० टक्के ट्रॅफिक ‘खुलेपणाला सक्षम’ उपकरणांवर नेण्याचं लक्ष्य जाहीर केलं, पण बहुतेक काम एकाच जुन्या पुरवठादाराला दिलं. सक्षम असणं आणि दोन कंपन्यांची उपकरणं प्रत्यक्ष जोडून चालवणं यांत बरंच अंतर आहे. अपलिंकची नवी सोयही रेडिओ आणि डीयू दोघांत एकाच प्रकारची असावी लागते. टेंडरमध्ये नुसतं ‘७.२एक्स सुसंगत’ लिहिल्याने ते कळत नाही. प्रोफाइल (सेटिंग्जचा ठरलेला संच), कॉम्प्रेशन आणि अपलिंकचा प्रकार वेगवेगळा मागावा लागतो.