चुलीच्या कार्यक्षमतेचा आकडा कसा वाचावा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या मुंबईच्या दुकानातून लाकडावरच्या सुधारित चुली घेणाऱ्यांत कर्जत, मुरबाड, पाली भागांतील शेतघरांचे मालक, आश्रमशाळांची स्वयंपाकघरे आणि गावाकडे चूल पाठवणारी कुटुंबे अधिक असतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न "ही किती टक्क्यांची?" असाच असतो. प्रश्न रास्त आहे. मात्र तो आकडा कोणत्या जळणावर, कोणत्या पद्धतीने आणि किती चाचण्यांतून निघाला हे कळल्याशिवाय दोन चुलींची तुलना करता येत नाही. (शहरातील बेकरीसाठी लाकडाची भट्टी आम्ही देत नाही. लाकूड व कोळशावरील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्येच दिलेला आहे.)

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१५२ (भाग १) : २०१३ या मानकानुसार साध्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. कार्बन मोनॉक्साइड व धुरातील कण यांनाही मर्यादा आहेत. कार्यक्षमता म्हणजे जळणातील उष्णतेपैकी पातेल्यातल्या पाण्यात किती उतरली याचे प्रमाण. आपल्या मानकात पाणी उकळण्याआधीच पातेले बदलतात, तर परदेशात दीर्घकाळ वापरात असलेल्या 'वॉटर बॉइलिंग टेस्ट'मध्ये उडून गेलेली वाफही उपयुक्त उष्णता म्हणून मोजली जाते. भात एकदा उकळला की आच वाढवून तो लवकर शिजत नाही, नुसती वाफ वाढते. तरीही ती वाफ त्या चाचणीत चुलीच्या खात्यावर जमा होते. त्यामुळे या दोन पद्धतींचे टक्के शेजारी शेजारी मांडणे आम्हाला योग्य वाटत नाही.

निकाल सर्वांत जास्त हलतो तो लाकडातील ओलाव्यामुळे. पूर्ण कोरड्या लाकडात किलोमागे सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता असते. वजनाच्या १० टक्के पाणी असलेल्या जळणातून ती सुमारे १६ मिळते आणि २५ टक्के पाणी असेल तर १३ च्या आसपास येते. आता जळणात खरे तर २५ टक्के ओलावा असताना तक्त्यात १० टक्के लिहिला गेला, तर ३० टक्के कार्यक्षमतेची चूल कागदावर २४ टक्क्यांची दिसेल आणि चुलीचा काही दोष नसताना ती मानकात नापास होईल. गोंधळाचे आणखी एक कारण म्हणजे दोन टोके लाकडात टोचून ओलावा दाखवणारे मीटर. ते सहसा पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या तुलनेत सांगते, तर चाचणीच्या हिशेबात ते एकूण वजनाच्या तुलनेत लागते. एक किलो कोरडे लाकूड आणि त्यात २५० ग्रॅम पाणी असेल, तर मीटरवर २५ दिसतील, पण हिशेबात २० धरायला हवेत. शिवाय मीटरची टोके लाकडाच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून आम्ही चाचणीच्या जळणाचा नमुना फोडल्याबरोबर हवाबंद पिशवीत भरतो, त्याचे वजन करतो आणि १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवतो. मुंबईत जुलैमध्ये छपराखाली रचलेले सरपणसुद्धा हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे मे महिन्यात मोजलेला ओलावा पावसाळ्यातील चाचणीला चालत नाही.

दुसरी बाब चाचण्यांच्या संख्येची आहे. समजा, एकाच चुलीच्या तीन चाचण्यांत २७, २९ आणि ३१ टक्के मिळाले. सरासरी २९ येते आणि माहितीपत्रकात छापायला ती छान दिसते. पण संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीने पाहिले, तर खरी सरासरी २४ ते ३४ मध्ये कुठेही असू शकते, म्हणजे ही चूल मानकात बसते की नाही हेसुद्धा ठरत नाही. निकालांतील चढउतार तेवढाच राहून चाचण्या सात केल्या, तर हीच कक्षा साधारण २७ ते ३१ पर्यंत आवळली जाते. तीन चाचण्यांपैकी उत्तम तेवढी छापण्याची पद्धत बाजारात आढळते. ती आम्हाला मान्य नाही.

उरलेली कारणे लहान वाटली तरी त्यांची बेरीज मोठी होते. दारातून येणारा वारा, शेवटी उरलेले निखारे (कोळशात किलोमागे लाकडापेक्षा पुष्कळ जास्त उष्णता असते, त्यामुळे त्यांचे वजन वेगळे करावेच लागते) आणि लाकूड सारणाऱ्याचा हात, हे सर्व निकालात उतरते. म्हणून लाकडाचे तुकडे एकाच जाडीचे कापून, ठरलेल्या वेळाने ठरलेल्या वजनाचे घालावेत आणि निदान काही चाचण्या दुसऱ्या माणसाकडून करून घ्याव्यात.

आमच्या प्रत्येक चुलीसोबत एक कार्ड मिळते. त्यावर चाचणीची पद्धत, चाचण्यांची संख्या, सरासरीसोबत कक्षा, जळणाचा ओलावा आणि तो एकूण वजनावर काढल्याची नोंद असते. आपण दुसरीकडे चूल पाहत असाल, तर तेथेही हीच माहिती मागावी. आपल्या गावचे जळण वेगळे असल्यास त्याच्या दोन-तीन ढलप्या घट्ट बंद पिशवीत घालून दुकानात आणाव्यात. ओलावा मोजून त्या जळणावर किती सरपण लागेल याचा अंदाज आम्ही लेखी देतो.