मुरमांचे खड्डे आणि मायक्रोनीडलिंग: सिटिंग ठरवण्याआधी वाचा

‘डाग घालवायचेत’ म्हणून आमच्याकडे मायक्रोनीडलिंगसाठी, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचण्याच्या उपचारासाठी, बरेच जण येतात. पण डाग वेगळा, खड्डा वेगळा. घरी दिवे बंद करून आरशासमोर उभे राहा आणि मोबाइलचा टॉर्च गालाच्या बाजूने आडवा धरा. सावली पडली तर खड्डा. नुसता काळपटपणा दिसला तर तो डाग, आणि त्यासाठी सहसा क्रीम अन् सनस्क्रीन पुरतं. उगाच सुया कशाला टोचून घ्यायच्या?

खड्ड्यांसाठी सुई साधारण १.५ ते २ मिलिमीटर आत जाते, कपाळावर त्याहून कमी. या बारीक जखमा भरताना त्वचा नवं कोलॅजन (तिला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार करते आणि खड्डा हळूहळू वर येतो. उथळ, पसरट खड्ड्यांना याचा चांगला उपयोग होतो. दाभणाने भोसकल्यासारखे अरुंद, खोल खड्डे मात्र याला फारशी दाद देत नाहीत. तिथे टीसीए अॅसिड (डॉक्टर खड्ड्यात लावतात ते तीव्र आम्ल) किंवा दुसरा उपाय लागतो. पूर्ण गुळगुळीत गाल कुणालाच मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भूल देणारी क्रीम लावून पाऊण तास ते तासभर बसावं लागतं. नंतर टोचल्यासारखं होतं, रक्ताचे बारीक ठिपके येतात. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. संकोच करू नका.

दोन-तीन दिवस चेहरा भर उन्हात दुचाकीवरून आल्यासारखा लाल राहतो. त्या दिवसांत हळद, बेसन, लिंबू, व्हिटॅमिन सीचं सीरम काहीही नको. साधं मॉइश्चरायझर लावा. आपल्या त्वचेवर काळे डाग पटकन उमटतात, म्हणून ऊन टाळा आणि पुढे सनस्क्रीन चुकवू नका.

चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने बहुधा तीन ते सहा सिटिंग लागतात, आणि खरा फरक काही महिन्यांनी दिसतो. त्यामुळे पुढच्या महिन्यात लग्न असेल तर सध्या राहू द्या.

चेहऱ्यावर पिकलेली मुरमं असतील तर आधी त्यांचे उपचार. कान टोचल्यावर गाठ आली होती का, ओठांवर नागीण उठते का, रक्त पातळ करणाऱ्या किंवा मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, गरोदर आहात का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. आणि ऑनलाइन मागवलेला सुयांचा रोलर घरात बहीणभावांनी मिळून वापरू नका. तो कंगवा नाही.