‘टिम’चे दोन मिक्स: वादाची पार्श्वभूमी

२२ सप्टेंबर २०२३ रोजी ‘द रिप्लेसमेंट्स’ या अमेरिकी बँडचा ‘टिम’ हा अल्बम नव्या मिक्ससह, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या आवाजाची पातळी नव्याने जुळवून, पुन्हा बाजारात आला आणि जाणकारांपुरते उरलेले हे नाव एकदम नव्या पिढीच्या कानावर पडू लागले. जुन्या मिक्सला असा हात लावावा की नाही, हाच वाद. मूळ अल्बम सप्टेंबर १९८५चा. त्या वर्षअखेरीच्या समीक्षकांच्या कौलात तो दुसरा आला होता. बिलबोर्डच्या खपाच्या यादीत मात्र १८३व्या क्रमांकाच्या वर कधीच सरकला नाही. लिहिणाऱ्यांनी डोक्यावर घेतला, विकत घेणाऱ्यांनी पाठ फिरवली.

बँड मिनीआपोलिसचा, १९७९पासूनचा. स्थानिक कंपनीकडून चार रेकॉर्ड काढल्यावर ‘टिम’ हा मोठ्या कंपनीसाठी केलेला त्यांचा पहिला अल्बम. अशा बँडना तेव्हा आधार होता तो कॉलेज रेडिओचा, म्हणजे महाविद्यालयांतून चालणाऱ्या केंद्रांचा. अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा पट्टा बिगर-व्यावसायिक केंद्रांसाठी राखीव असतो, म्हणजे काटा डावीकडे न्यायचा. ‘लेफ्ट ऑफ द डायल’ हे या अल्बममधले गाणे त्याच केंद्रांबद्दल आहे.

अपयशात बँडचा स्वतःचा वाटाही मोठा. १८ जानेवारी १९८६ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात गायकाने थेट प्रक्षेपणात शिवी हासडली आणि त्या कार्यक्रमाचे दार बंद झाले. व्हिडिओ हवा असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी जवळजवळ पूर्ण गाणे स्पीकरवर कॅमेरा रोखलेला व्हिडिओ दिला. त्याच वर्षी मूळ गिटारवादकाला काढले गेले. ‘टिम’ हा त्याचा बँडबरोबरचा शेवटचा अल्बम ठरला, आणि १९९५मध्ये तो वारला.

पण चाहत्यांची मुख्य तक्रार कायम आवाजाबद्दल होती. ‘टिम’चा निर्माता होता ‘रमोन्स’ या पंक बँडचा पहिला ड्रमर. मिक्सही त्याचाच, आणि कानांना इजा झालेली असल्याने त्याने तो हेडफोनवर केला असे सांगितले जाते. परिणाम कोणालाही ऐकू येतो: ड्रम भिंतीपलीकडून वाजल्यासारखे, बेस गिटार जवळपास बेपत्ता, सगळे वादन मध्यभागी दाटलेले. २००८ची आवृत्तीही हे सुधारू शकली नाही, कारण रीमास्टर करताना तयार मिक्सवरच हात फिरवला जातो. त्यात दबलेला ड्रम वर काढता येत नाही. त्यासाठी वाद्ये वेगवेगळी मुद्रित केलेल्या मूळ मल्टिट्रॅक टेपवर जाऊन प्रत्येक वाद्याची पातळी पुन्हा ठरवावी लागते. हाच रीमिक्स. (जुन्या सिनेगीतांना नवा ठेका चिकटवतात, तो हा नव्हे. इथे वादन १९८५चेच आहे.)

याची वाट २०१९मध्येच मोकळी झाली होती. याच बँडचा १९८९चा अल्बम कंपनीने बाहेरच्या तंत्रज्ञाकडून रेडिओसाठी चकचकीत करून घेतला होता. त्याच्या मूळ निर्मात्याचा स्वतःचा मिक्स २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कोणाला हरकत घेण्यासारखे फारसे नव्हते. ज्याचे काम त्याला परत मिळाले. ‘टिम’चे प्रकरण वेगळे आहे. इथे बदलला तो निर्मात्याचाच निर्णय, आणि तो निर्माता २०१४मध्ये गेला. त्याला विचारण्याची सोय नव्हती. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे तो कोंदट आवाजच ‘टिम’ म्हणून जपला, त्यांना ही ढवळाढवळ वाटली, आणि तो आक्षेप मला पोकळ वाटत नाही. त्या धूसरपणात काही गाण्यांचा एकाकीपणा खुलत होता, विशेषतः ‘हिअर कम्स अ रेग्युलर’चा.

तरी माझे मत नव्या मिक्सच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण बँडचा ड्रमर. अडतीस वर्षे हा बँड ‘दारू पिऊन कसेबसे वाजवणारे’ म्हणून ओळखला गेला. ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’ नव्याने ऐकले की ड्रम किती नेमके आणि जोरकस आहेत ते कळते. अठरा वर्षांच्या बेसवादकाची पकडही पहिल्यांदाच नीट कानावर येते. ही माणसे मनापासून वाजवत होती, आणि त्याचा पुरावा टेपवर होता. नव्या मिक्सचे काम ज्याच्याकडे सोपवले तोही परका नव्हता: १९७८मध्ये ‘रमोन्स’च्या ‘रोड टू रुइन’ या अल्बमची निर्मिती त्याने आणि ‘टिम’च्या निर्मात्याने मिळून केली होती.

१९८७मध्ये याच बँडने जुन्या कंपनीच्या कचेरीतून टेप उचलून मिसिसिपी नदीत फेकल्या होत्या. ‘टिम’च्या टेप नव्या कंपनीकडे होत्या म्हणून त्या तावडीतून सुटल्या. २०२३च्या संचात जुना मिक्सही रीमास्टर करून ठेवला आहे, शिवाय निर्माता ठरण्याआधी ‘बिग स्टार’ या बँडच्या गायकाबरोबर केलेली ध्वनिमुद्रणे आणि जानेवारी १९८६चा शिकागोतला कार्यक्रम. शिकागोच्या त्या ध्वनिमुद्रणात ड्रम आधीपासूनच पुढे आहेत.