रंगूनचं शवागार ते उडुपीची प्रयोगशाळा

१९११ साली रंगून हे ब्रिटिश हिंदुस्थानातलंच शहर होतं. तिथल्या जनरल हॉस्पिटलच्या शवागारात कॅप्टन आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी शवविच्छेदनं करत. टेबलावर येणारी माणसं गरीब, निराधार. त्यांतली बरीच मॉर्फिन टोचून घेणारी. अशा काही प्रेतांची फुप्फुसं पनीरसारखी घट्ट झालेली दिसली. यकृतात, प्लीहेत, कातडीखाली जागोजाग पुवाची गळवं होती. चित्र घोड्या-खेचरांना होणाऱ्या ग्लँडर्ससारखं होतं, पण या माणसांचा घोड्यांशी काही संबंध नव्हता. शिवाय ग्लँडर्सचा जंतू जागचा हलत नाही. हा सूक्ष्मदर्शकाखाली चांगला वळवळत होता आणि प्रयोगशाळेत झपाट्यानं वाढत होता. १९१२ मध्ये दोघांनी या नव्या रोगाची, म्हणजे आजच्या मेलिओइडोसिसची, माहिती 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये छापली.

पुढे त्याला 'व्हिटमोरचा आजार' म्हणू लागले. कृष्णस्वामींचं नाव मागे पडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण हे काम पुढे त्यांनीच नेलं. १९१७ पर्यंत त्यांच्याकडे दोनशेहून जास्त रुग्णांची नोंद होती. रंगूनमधल्या साधारण दर वीस शवविच्छेदनांत एक या रोगाचं, असा त्यांचा हिशेब होता. एवढा रोग एका शहरात, आणि तरी काही दशकांनी ब्रह्मदेशातून त्याच्या नोंदी येणं जवळपास थांबलं. जंतू कुठे गेला नव्हता. त्याला ओळखणारी माणसं आणि कल्चर करणाऱ्या, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखणाऱ्या, लॅब उरल्या नव्हत्या. या आजाराच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट देश बदलून पुन्हा पुन्हा घडली आहे.

आजचं नाव 'मेलिओइडोसिस' क्वालालंपूरचं. तिथे स्टँटन आणि फ्लेचर यांनी १९२१ मध्ये ते ग्रीक शब्दांवरून बेतलं. रोग उंदरांमुळे पसरतो, असा त्यांचा समज होता. तो बराच काळ टिकला. जंतूचं खरं घर १९५५ मध्ये व्हिएतनाममध्ये सापडलं. शांबों या फ्रेंच संशोधकानं तो थेट माती-पाण्यातून वेगळा करून दाखवला. मग कोडं सुटत गेलं. चिखलात अनवाणी उभं राहून लावणी करणारा शेतकरी, त्याच्या टाचेच्या भेगा, पावसाचे तुषार श्वासात जाणं, गढूळ पाणी पिणं. त्यात मधुमेह असेल तर धोका कितीतरी वाढतो. नंतर व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये काहींना बऱ्याच काळानं हा आजार उफाळला, तेव्हा जंतू शरीरात दबा धरून बसतो हेही कळलं. दुसऱ्या महायुद्धातल्या एका युद्धकैद्यात तो तब्बल ६२ वर्षांनी वर आल्याची नोंद आहे.

खरी कलाटणी मिळाली ती थायलंडच्या ईशान्येला, उबोन राचथानी या भातपिकाच्या प्रांतात. तिथल्या सप्पासिथिप्रसोंग हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात थाई आणि ब्रिटिश डॉक्टरांनी मिळून काम सुरू केलं. रुग्ण वॉर्डात येत होते आणि दोन-तीन दिवसांत दगावत होते. जुन्या पद्धतीत क्लोरॅम्फेनिकॉल, डॉक्सिसायक्लिन आणि कोट्रायमोक्सॅझोल ही प्रतिजैविकं एकत्र देत. त्याऐवजी सेफ्टाझिडिम हे दुसरं प्रतिजैविक दिलं तर काय होतं, याची रीतसर तुलना त्यांनी केली. १९८९ मध्ये निकाल छापून आला: गंभीर रुग्णांमधला मृत्युदर ७४ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर. एका औषधाच्या बदलानं मृत्यू निम्म्यावर! आजही सुरुवातीचे किमान दहा-चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम आणि मग निदान तीन महिने तोंडानं कोट्रायमोक्सॅझोल, हाच उपचाराचा कणा आहे. शेजारच्या लाओसमध्ये मात्र हा रोग नाहीच असं वाटत होतं. व्हिएन्तिआनमध्ये १९९९ साली पहिला रुग्ण कल्चरनं सिद्ध झाला, तिथल्या लोकांना शिकवलं गेलं, आणि पुढच्या वर्षांत रुग्ण शेकड्यांनी सापडले.

आपल्याकडे काय? भारतातल्या रुग्णाची पहिली नोंद मानतात ती १९९१ची, मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेली, एका बालरुग्णाची. म्हणजे रंगूनच्या शोधानंतर ऐंशी वर्षांनी. मधल्या काळात इथे तो नव्हता असं मानायला मी तयार नाही. महिनाभर ताप, वजन उतरलेलं, एक्स-रेत फुप्फुसावर डाग. आपल्याकडे अशा माणसाला पहिल्यांदा क्षयच झाला असं धरतात आणि एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू करतात. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांचा या जंतूवर उपयोग होत नाही. तिकडे लॅबमध्ये तो प्लेटवर उगवला तरी 'स्यूडोमोनास (दुसराच एक जंतू) असेल, कंटॅमिनेशन (बाहेरून मिसळलेला जंतू) असेल' म्हणून बाजूला पडतो. तोवर रुग्ण हातचा गेलेला असतो.

म्हणून या आजारात संशोधन आणि शिकवणं वेगळं काढता येत नाही. शिकवायचं असतं ते अगदी साधं. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून बघण्याच्या चाचणीत, जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट दिसतो, सेफ्टी पिनसारखा. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या अ‍ॅशडाउन माध्यमावर (जंतू वाढवायच्या खाद्यावर) त्याच्या वसाहती धीरानं बघाव्या लागतात. पहिल्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, काही लक्षात येत नाही. चार दिवस प्लेट ठेवली की त्या जांभळ्या, कोरड्या, सुरकुतलेल्या होतात, अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांसारख्या. घाईनं दुसऱ्या दिवशी प्लेट फेकून दिली तर हे दिसत नाही. त्याला मातकट वास येतो, पण प्लेट हुंगायची नाही, हे नवख्यांना बजावून सांगावं लागतं. श्वासावाटे संसर्ग होऊ शकतो. मग प्रतिजैविकांच्या तीन डिस्क (औषध लावलेल्या कागदी चकत्या) ठेवायच्या: जेंटामायसिन, कोलिस्टिन आणि को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह. पहिल्या दोघांना दाद देत नाही आणि तिसऱ्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ पडतं, असा ऑक्सिडेज चाचणीत पॉझिटिव्ह येणारा जंतू दिसला की फोन उचलायचा आणि वॉर्डातल्या डॉक्टरला सांगायचं. महागडं यंत्र नसलं तरी तालुक्याच्या लॅबला एवढं जमण्यासारखं आहे.

भारतात हे शिक्षण वेल्लोर आणि मणिपाल इथून रुजलं. उडुपी जिल्ह्यातल्या मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजनं पावसाळ्यात येणारे रुग्ण वर्षानुवर्षं नोंदवले आणि इतर कॉलेजांच्या मायक्रोबायोलॉजिस्टना बोलावून शिकवलं. कर्नाटकाच्या त्या किनाऱ्यावरून उत्तरेला निघालं की कारवार, गोवा, सिंधुदुर्ग. तोच जांभा, तोच पाऊस, तीच भातखाचरं. राज्याच्या सीमेवर जंतू थांबेल, याला काही आधार नाही.

२०१६ मध्ये जगाचा अंदाज प्रसिद्ध झाला: वर्षाला सुमारे १,६५,००० रुग्ण, त्यातले ८९,००० मृत्यू. रुग्णांपैकी ४४ टक्के दक्षिण आशियात. आपल्या नोंदी या आकड्याच्या आसपासही पोचत नाहीत.

आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या चार राज्यांत चार माणसं या आजारानं पडली. दोघं दगावली. कोणीच परदेशी गेलेलं नव्हतं. जंतूचा जनुकीय नमुना दक्षिण आशियातल्या जंतूंशी जुळला, म्हणून तपासणारे घरातल्या वस्तू एकेक करून तपासू लागले. शेवटी एका रुग्णाच्या घरातल्या सुगंधी स्प्रेच्या बाटलीत तो सापडला. बाटली भारतात बनलेली होती.