आरती, पाढे आणि शिवी

आमच्या वाड्यात एक निवृत्त गुरुजी राहायचे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झालेली, पण 'गाढवा'च्या पुढे त्यांची जीभ कधी गेली नाही. एका पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. महिन्याभराने तोंडातून शब्द फुटला तो आईवरची एक कचकचीत शिवी होऊन. पाणी हवं असलं तरी तीच, नातू जवळ आला तरी तीच. घरचे शरमेने अर्धमेले झाले. पाहुणे आले की गुरुजींच्या खोलीचं दार लोटून घेत. 'आयुष्यभर मनात हेच साठवलं होतं की काय?' ही वाड्यातली कुजबुज मला अजून आठवते. मी तेव्हा लहान होतो. या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा कळलं. त्या घराला ते वेळेवर सांगणारं कोणी भेटायला हवं होतं.

1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकासमोर असाच एक रुग्ण आला. वीसहून अधिक वर्षं त्याला 'तां' एवढंच म्हणता येई, म्हणून सगळे त्याला तांच म्हणत. बोललेलं त्याला कळे, हातवारे करून तो उत्तरंही देई. पण आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचलं नाही की तो चिडे, आणि मग देवाच्या नावाने घातलेली एक फ्रेंच शिवी अख्खी, स्पष्ट बाहेर पडे. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात मोठी इजा दिसली. वाणीचं केंद्र डावीकडे असतं हे इथून कळायला लागलं, आणि ते पाठ्यपुस्तकांत आलं. त्या माणसाची शिवी मात्र तिथे सहसा सापडत नाही.

अशा शिवीकडे नीट लक्ष दिलं ते ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी. त्यांचं म्हणणं असं, की बोलणं दोन तऱ्हेचं असतं. एक, विचार करून शब्दाला शब्द जोडत केलेलं. दुसरं, एका दमात आपसूक बाहेर पडणारं. आपल्याकडे आरती, पाढे, 'अरे देवा' आणि शिवी ही सगळी दुसऱ्या जातीची. 'बे एके बे' म्हणताना कोणी शब्द शोधत नाही, आणि दारात बोट चेमटल्यावरही शोधत नाही. पहिल्या तऱ्हेचं बोलणं मुख्यतः डाव्या मेंदूवर अवलंबून असतं. दुसऱ्याला उजवा मेंदू आणि आत खोल असलेली, सवयीच्या हालचाली सांभाळणारी केंद्रं यांचा मोठा आधार असतो. याची उलटी बाजूही नोंदलेली आहे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातल्या वृद्धाला उजवीकडच्या अशाच खोल केंद्राला इजा झाली होती. त्याचं नेहमीचं बोलणं शाबूत राहिलं, पण जन्मभर पाठ असलेली प्रार्थना त्याला म्हणता येईना, आणि शिवीही नीट देता येईना.

म्हणजे गुरुजींनी मनात काही दडवून ठेवलं नव्हतं. कधीतरी कानावर पडलेली एक शिवी, त्यांनी स्वतः कधी न उच्चारलेली, ज्या कप्प्यात आरती होती त्याच कप्प्यात पडून होती. घरातल्या बाकी खोल्या जळाल्या आणि हा कप्पा तेवढा वाचला.

शिवी तिथे जाऊन बसते कशी, हे समजायला लहानपणाकडे वळावं लागतं. मूल पहिल्यांदा शिवी उच्चारतं तेव्हा त्याला अर्थ माहीत नसतो. माहीत होतो तो आईचा बदललेला चेहरा, पाठीत बसलेला धपाटा, 'पुन्हा बोललास तर तोंडात मिरची भरीन' ही धमकी. शब्द आणि भीती एकदमच रुजतात. कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2003 साली बोस्टनमधल्या 32 तुर्की भाषकांवर एक प्रयोग केला. या लोकांनी इंग्रजी बारा वर्षांच्या वयानंतर शिकलेली होती. त्यांच्या बोटांच्या टोकांना विद्युत्-अग्रं लावून त्यांना दोन्ही भाषांतले शब्द दाखवले आणि ऐकवले. मनावर ताण आला की त्वचेला किंचित घाम सुटतो आणि तिची वीजवाहकता वाढते, हे यामागचं साधं तत्त्व. इंग्रजीपेक्षा तुर्कीतल्या निषिद्ध शब्दांना त्वचेने जास्त प्रतिसाद दिला. आणि 'लाज नाही वाटत?' छापाच्या, लहान मुलांना रागावतानाच्या वाक्यांनाही तसाच.

आपल्या घरांतही हेच चालतं. दूध उतू गेलं की 'शिट' म्हणणारी, चांगल्या घरातली, सुशिक्षित माणसं त्याच अर्थाचा मराठी शब्द जेवणाच्या टेबलावर मेली तरी उच्चारणार नाहीत. अर्थ एकच, पण इंग्रजी शब्दाला कोणी धपाटा मारलेला नसतो. झाँ-मार्क देवाल यांनी 2004 साली हजारावर बहुभाषकांच्या उत्तरांतून हेच मांडलं: शिवीचा भार सर्वांत जास्त जाणवतो तो पहिल्या भाषेत, आणि शाळेच्या वर्गात शिकलेल्या भाषेत तो हलका होतो. म्हणून एखाद्याची परक्या भाषेतली शिवी ऐकून त्याच्या संस्कारांचं माप काढणं मला चुकीचं वाटतं. तो शब्द त्याला आपल्याएवढा टोचतच नसतो.

या टोचणीचा शरीराला उपयोगही होतो. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले रिचर्ड स्टीव्हन्स यांनी 2009 साली 67 विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. एकदा आवडीची शिवी म्हणत, एकदा टेबलाचं वर्णन करणारा एखादा साधा शब्द म्हणत. शिवी म्हणताना विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे चाळीस सेकंद जास्त कळ सोसली, आणि त्यांचे हृदयाचे ठोकेही वाढले. धोका दिसला की शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होतं, त्या वेळी वेदना दबते. शिवी ती सज्जता चाळवत असावी, असा तर्क आहे. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते पुढचे दोन अभ्यास. 2011 मध्ये स्टीव्हन्स यांनी विचारलं, की तुम्ही दिवसाला किती शिव्या देता? उत्तरं शून्यापासून साठपर्यंत आली. ज्यांच्या तोंडी शिव्यांचा रतीब असतो, त्यांना गार पाण्यात शिवीचा फायदा कमी झाला. 2020 मध्ये त्यांनी 'फाउच' आणि 'ट्विझपाइप' हे दोन शब्द मुद्दाम घडवले, ऐकायला जोरकस आणि गमतीदार. वेदनेवर त्यांचा परिणाम झाला नाही. खऱ्या शिवीचा झाला. आवाजात जोर असून भागत नाही. त्या शब्दामागे कोणीतरी कधीतरी घातलेली बंदी लागते.

वापराने शिवी झिजते हे मराठीत शोधायला प्रयोगशाळा नको. 'आयला', 'च्यायला', 'च्यामारी' हे शब्द मूळच्या शिव्यांची उरलेली शेपटं आहेत. पुढचा-मागचा भाग गळाला, धार गेली, आणि आज शाळकरी पोरं मास्तरांसमोर 'आयला' म्हणून जातात. 'सटवी' ही मूळची सटवाई, बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री येणारी. 'मेल्या' आणि 'मुडद्या' यांत तर सरळ मरण आहे, आणि मालवणी माणूस तेच शब्द गळ्यात हात टाकून वापरतो. आजीच्या पिढीतल्या बाया 'तुला पटकी येवो' म्हणत. पटकी म्हणजे कॉलरा. ज्या काळी त्याने गावंच्या गावं ओस पडत, तेव्हा हे म्हणणं किती भयंकर असेल! पोलिश लोकांच्या तोंडी आजही 'होलेरा' हा उद्गार असतो, तोही कॉलराच. डच भाषेत क्षय आणि विषमज्वराच्या नावाने शिव्या घालतात, तर कॅनडातल्या क्वेबेकमध्ये चर्चमधल्या पूजेच्या वस्तूंच्या नावाने. समाज ज्याला भ्यायला किंवा ज्याच्यापुढे वाकला, तेच त्याच्या शिवीत उतरलं.

आपल्याकडे तर शिवीला राजमुद्रेची साथ होती. शिलाहार राजांच्या काळातल्या गधेगाळ दगडांवर, दान दिलेली जमीन कोणी हिरावली तर त्याच्या आईवर गाढव सोडण्याची शिवी शब्दांत किंवा चित्रात कोरलेली असते. परळच्या शके 1108 च्या शिलालेखात ती मराठीत, ढळढळीत आहे. आणि साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, वाद्यांच्या गजरात एकमेकींना हातवारे करत शिव्यांची लाखोली वाहतात. 'बोरीचा बार' म्हणतात त्याला. वर्षभर ज्यांनी जीभ आवरायची, त्यांनाच त्या दिवशी मोकळीक.

'ज्याच्याकडे शब्द नसतात तो शिव्या देतो' हे मात्र विसरून जावं. टिमथी जे आणि क्रिस्टिन जे यांनी 2015 साली लोकांना ठरावीक वेळेत जमतील तितके निषिद्ध शब्द आणि जमतील तितके इतर शब्द म्हणायला लावलं. ज्यांना एक जमलं, त्यांना दुसरंही जमलं.

पण गार पाण्यात हात घालून ओरडलेली शिवी आणि माणसावर फेकलेली शिवी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो पुसला गेला तर मला ते सहन होणार नाही. पहिलीत कोणी जखमी होत नाही. दुसरीत समोर कोणीतरी असतो, बहुतेकदा त्याची आई किंवा बहीण असते, कधी त्याची जात असते. जातिवाचक शिवीला 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हा ठरवलं ते योग्यच झालं. बोस्टनचा प्रयोग इथे पुन्हा आठवतो. मातृभाषेत लहानपणी ऐकलेलं बोलणं मोठेपणीही त्वचेला घाम आणतं. घरात रोज शिवीनेच हाक मारलेल्या मुलाच्या अंगात काय मुरत असेल?

गुरुजींकडे परत जातो. वाणी-उपचार करणारे आज या आपसूक बोलण्याचा, सुरांचा आधार घेतात. गुरुजींच्या पत्नीला हे कोणी शिकवलं नव्हतं. एका संध्याकाळी त्या दिवा लावून नेहमीसारखी आरती म्हणू लागल्या, आणि लोटलेल्या दाराआडून दुसरा आवाज आला. शब्द सगळे होते, चालही बरोबर. त्यांनी दार उघडलं आणि पुढची कडवी त्यांच्या उशाशी बसून म्हटली. आरती संपली. गुरुजींनी तांब्याकडे डावा हात करून तीच शिवी दिली, आणि काकूंनी त्यांना पाणी पाजलं.