काळी मुसळी

काळी मुसळी (संस्कृत : तालमूली, शास्त्रीय नाव : कुर्कुलिगो ऑर्किऑइडिस, कुल : हायपॉक्सिडेसी) ही पावसाच्या तोंडावर जमिनीलगत फुलणारी छोटी बहुवर्षायू वनस्पती. पळस-पांगारा वसंतात बहरतात, पण रानातल्या जमिनीवरचा फुलांचा हंगाम वळवाच्या सरींनी उघडतो आणि त्यात पुढे असणाऱ्यांपैकी ही एक. कोकण, सह्याद्रीचे उतार, विदर्भातली पानझडी जंगले अशा सगळ्या ठिकाणी ती आढळते. भारताबाहेर तिचा विस्तार चीन, जपान व आग्नेय आशियातून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे.

फूल पाहायचे तर उकिडवे बसावे लागते. चुणीदार, गवतासारख्या पानांच्या बुडाशी सहा पाकळ्यांची पिवळीधमक चांदणी उमललेली असते. रुंदी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. पाकळ्यांच्या पाठीवर लांब मऊ लव असते, आत सहा पुंकेसर. खरी गंमत खाली आहे. ज्याला आपण देठ समजतो तो देठ नव्हेच, ती अंडाशयाची वर लांबलेली बारीक चोच. अंडाशय स्वतः पानांच्या आवरणात, मातीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली दडलेला असतो. त्यामुळे हौसेने फूल खुडले, तरी अंडाशय जागच्या जागी राहतो. फळही तिथेच धरते. त्यातले बी काळे, तुकतुकीत, नागमोडी रेघांचे आणि त्यालाही चोच. प्रजातीचे ‘कुर्कुलिगो’ हे लॅटिन नाव सोंडकिड्यावरून आले आहे ते या चोचीमुळेच. एका दांड्यावरची खालची फुले द्विलिंगी, तर वरची बहुधा नुसती नर असतात.

मराठी नाव मात्र फुलाला विचारतही नाही. जमिनीत सरळ खाली गेलेला, बाहेरून काळपट व आतून पांढरा मूलस्तंभ (जमिनीखालचे जाड खोड) मुसळासारखा दिसतो, म्हणून ही मुसळी. आयुर्वेदात तो रसायन (शक्तिवर्धक) व वाजीकर (कामशक्ती वाढवणारा) मानला आहे. चिनी वैद्यकातही वापरात आहे. काष्ठौषधींच्या दुकानात चूर्ण रोज विकणाऱ्याने फूल कधी पाहिलेले नसते, असे सर्रास घडते.

नावाच्या सारखेपणाने घोटाळा होतो तो पांढऱ्या मुसळीशी. ती क्लोरोफायटम प्रजातीतली, वेगळ्या कुळातली. फुले पांढरी आणि उंच दांड्यावर. तिच्यातल्या एका प्रसिद्ध जातीचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. पांढरी सहसा महाग, म्हणून नुसते ‘मुसळी द्या’ म्हणू नये. कोणती ते सांगून घ्यावे. रानात फसवते ती दुसरीच : हायपॉक्सिस ऑरिया, तशीच पिवळी, सहा पाकळ्यांची, त्याच कुळातली. तिच्या फुलाला खरा देठ असतो आणि अंडाशय उघड्यावर, पाकळ्यांच्या लगेच खाली दिसतो. तेवढे पाहिले की शंका उरत नाही.

बियांखेरीज ही वनस्पती पानांवाटेही वाढते. लांब पान कलून त्याचे टोक ओल्या मातीला टेकले, की तिथे मुळे फुटून नवे रोप धरते. औषधासाठी मात्र मूलस्तंभच खणून काढतात आणि तो गेला की ते झाड संपते. काही भागांत अतिखोदाईने ती विरळ झाली आहे. लागवड करता येते. मूलस्तंभाचे डोळे असलेले तुकडे पावसाच्या सुरुवातीला लावतात.